अरुंद जिना आणि अवजड बॉयलर

थंड हवेच्या देशांतील घराचे चित्र रंगवावयाचे झाले की आपल्याकडील माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम येते ती दिवाणखान्यातील शेकोटी. भिंतीत कोनाड्यासारखी केलेली जागा, तिच्यात धगधगणारी लाकडे आणि भोवती खुर्च्या ओढून बसलेली घरची मंडळी. इंग्रजी कथा-कादंबऱ्यांनी हे चित्र आपल्या मनावर चांगलेच ठसविले आहे. वस्तुस्थिती मात्र अशी की, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून युरोप-अमेरिकेतील शहरांतून घरचा अग्नी हळूहळू दिवाणखान्यातून उठला आणि तळघरात जाऊन बसला. न्यूयॉर्कच्या एखाद्या जुन्या इमारतीत पाचव्या मजल्यावर राहणारा भाडेकरू ज्या उबेत हिवाळा काढतो, ती ऊब त्याच्या खोलीत निर्माण झालेली नसते. ती जमिनीच्या पोटातील एका यंत्रात निर्माण होते, नळांवाटे वर चढते आणि खिडकीखालच्या बिडाच्या रेडिएटरमधून खोलीत पसरते. हे यंत्र म्हणजे बॉयलर. वर्षानुवर्षे त्याची कोणाला आठवणही होत नाही. आठवण होते ती तो बंद पडल्यावर. आणि तो बदलण्याची वेळ आली म्हणजे असे आढळून येते की, नवा बॉयलर विकत घेणे हे काही फारसे कठीण नाही, तो तळघरात उतरविणे हेच खरे काम आहे.

बॉयलर म्हटले की आपल्याकडे कापडाची गिरणी किंवा साखर कारखाना आठवतो. घर तापविणारा बॉयलर हा त्या कुळातील असला तरी स्वभावाने पुष्कळच सौम्य असतो. अमेरिकेत घरगुती वाफेच्या बॉयलरवर दर चौरस इंचास 15 पौंड ही दाबाची कमाल मर्यादा असते, आणि प्रत्यक्षात तो एक-दोन पौंडांवरच आपले काम करतो. काश्मीरची कांगडी किंवा बुखारी माणसाच्या जवळ ठेवून त्याला ऊब देते; येथे अग्नी एका ठिकाणी आणि ऊब दुसऱ्या ठिकाणी, अशी योजना आहे.

हा अग्नी तळघरातच का ठेवावयाचा, ह्याला कारणे आहेत. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते आणि निवलेले पाणी जड होऊन खाली येते. जुन्या पद्धतीत पाणी फिरविण्यासाठी पंप नसे. हा चढउतारच पंपाचे काम करी. वाफेची गोष्ट तर ह्याहून सोपी. वाफ वर जाते, रेडिएटरमध्ये तिचे पाणी होते आणि ते पाणी नळातून आपल्या वजनाने परत बॉयलरमध्ये येते. तेव्हा बॉयलर सर्वांत खाली असणे भागच होते. दुसरे कारण कोळशाचे. कोळशाची गाडी रस्त्यावर येई आणि पोती तेथूनच खाली ओतली जात. लंडनच्या पदपथांवर सुमारे फूटभर व्यासाची वाटोळी लोखंडी झाकणे अद्यापही दिसतात, ती ह्याच कोळशाच्या वाटा होत. झाकण वाटोळे असल्यामुळे ते कसेही फिरविले तरी आपल्याच भोकातून आत पडत नाही, आणि भोक एवढे लहान की त्यातून चोर शिरू नये. कोळसा जाईल, माणूस जाणार नाही, असा नेमका हिशेब. बॉयलरचा हिशेब मात्र त्यात कोणी केलेला नव्हता.

तो करण्याचे तेव्हा कारणही नव्हते. इमारत बांधताना प्रथम पाया खणला जाई, तळघराच्या भिंती उभ्या राहत, आणि वरचा मजला घालण्यापूर्वीच उघड्या खड्ड्यात कप्पी-दोराने बॉयलर सोडून देत. नंतर त्याच्या डोक्यावर घर चढे. आपल्याकडे काही जुन्या घरांतून धान्याची मोठी कणगी माजघरातच उभी केली जाई; ती दारातून आलेली नसे आणि दारातून जाणारीही नसे. बॉयलरचे तसेच झाले. फरक इतकाच की, कणगी मोडली तर बांबूचे दुःख कोणी फारसे करीत नाही; बॉयलर मोडला तर सबंध इमारत गारठते.

ह्या गारठण्याचा अर्थ केवळ गैरसोय एवढाच नव्हे. न्यूयॉर्क शहरात 1 ऑक्टोबर ते 31 मे हा काळ कायद्याने तापवणीचा हंगाम मानलेला आहे. सकाळी 6 ते रात्री 10 ह्या वेळात बाहेरचे तापमान 55 अंश फॅरनहाइटच्या खाली गेले, तर घरात ते निदान 68 अंश, म्हणजे 20 अंश सेल्सिअस, राखण्याची जबाबदारी घरमालकावर असते. आणि रात्री, बाहेर काहीही असो, ते 62 अंशांच्या खाली जाता कामा नये. म्हातारी माणसे, तान्ही मुले आणि आजारी माणसे ह्यांच्या दृष्टीने हे आकडे म्हणजे जीवनमरणाचा प्रश्न आहे. शिवाय नळांतील पाणी गोठले तर ते सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि नळ फोडते. मग घर तापविण्यासाठी आलेल्या कारागिराला आधी घर बुडण्यापासून वाचवावे लागते. म्हणून जानेवारीत बॉयलर फुटला की घाई सुरू होते, आणि जिन्यात होणारे बहुतेक अनर्थ ह्या घाईतून होतात.

कामाचे अंदाजपत्रक करताना यंत्राची किंमत प्रथम लिहिली जाते, कारण ती छापील दरपत्रकात मिळते. वाटेची किंमत दरपत्रकात मिळत नाही. जो कंत्राटदार तळघर न पाहता टेबलापाशी बसून आकडा सांगतो, त्याचा आकडा सर्वांत कमी असतो ह्यात नवल नाही. आणि निविदेचा नियम सर्वांत कमी आकड्याकडे झुकणारा असल्यामुळे, न पाहणाऱ्याला काम मिळावे अशीच जणू व्यवस्था होऊन बसते. सरकारी खात्यांतून वावरलेल्या श्रोत्यांना हे अधिक फोड करून सांगण्याची गरज नसावी. जाणता माणूस आधी टेप घेऊन खाली उतरतो. रस्त्यापासून बॉयलरच्या चौथऱ्यापर्यंत जी जागा सर्वांत अरुंद असेल तेवढीच त्या वाटेची रुंदी, बाकीची मोकळी जागा कामाची नाही, हे तो जाणून असतो. दाराचे माप तो भिंतीचे घेत नाही, चौकटीच्या आतले घेतो. तेही दार उघडल्यावर फळीची जाडी आणि बिजागऱ्या किती जागा खातात ते पाहून. दार बिजागऱ्यांतून उचलून बाजूला ठेवले तर इंच-दीड इंच मिळतो. कठडा काढला तर आणखी दोन-तीन इंच मिळतात. बॉयलरचेही तेच. माहितीपत्रकातील माप पत्र्याच्या आवरणासकट दिलेले असते. आवरण, झडपा आणि बर्नर उतरवून ठेवले की अंगाने तो बराच सडपातळ निघतो.

रुंदी सरळ वाटेत कळते. खरी परीक्षा वळणात. समजा, तीन फूट रुंदीची एक बोळ काटकोनात वळते आणि वळल्यावरही तिची रुंदी तीनच फूट राहते. तीतून आडवी धरलेली बारीक काठी सुमारे साडेआठ फूट लांबीपर्यंत वळविता येते. हे पाहून पुष्कळांची फसगत होते. काठीच्या जागी दोन फूट जाडीची पेटी आली की साडेचार फुटांची पेटीसुद्धा तेथे अडकते. आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंतचे तिरपे अंतर सव्वाचार फुटांच्या जवळपास असते. त्यातले दोन फूट पेटीच्या जाडीने खाल्ले, आणि उरलेल्या दोन-सव्वादोन फुटांच्या दुपटीएवढीच लांबी तेथे वळू शकते. जाडी वाढली की लांबी दुप्पट वेगाने घटते, असा हा निष्ठुर हिशेब आहे.

तेव्हा पेटी उभी करून न्यावी, असे सुचते. येथे छत आडवे येते. सहा फूट उंच आणि अडीच फूट खोल असे लोखंडी कपाट सहा फूट तीन इंच उंचीच्या खोलीत उभे राहील काय? उभे असताना ते तेथे सुखाने मावते. पण आडवे आणून उभे करता येत नाही, कारण उभे होताना त्याचा कर्ण छताखालून जावा लागतो, आणि तो साडेसहा फूट भरतो. बदलीच्या गावी नवे बिऱ्हाड लावताना हा अनुभव अनेकांना आला असेल. जुन्या तळघरांची छते ठेंगणी असतात, आणि त्यांखालून नळ गेलेले असल्यामुळे ती आणखी ठेंगणी होतात. छताची उंची म्हणजे सर्वांत खाली आलेल्या नळाची उंची, असे समजूनच माप घ्यावे लागते.

गणितज्ञांनाही ह्या वळणाची भूल पडली आहे. एक एकक रुंदीच्या, काटकोनात वळणाऱ्या बोळातून जास्तीत जास्त किती क्षेत्रफळाची सपाट वस्तू सरकवून नेता येईल, हा प्रश्न लिओ मोझर ह्यांनी 1966 साली मांडला. त्याला कोचाचा प्रश्न असे गमतीचे नाव पडले. हॅमर्सली ह्यांनी जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरसारखा एक आकार काढून दाखविला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 2.2074 होते. जोसेफ गर्व्हर ह्यांनी 1992 साली तो घासूनपुसून 2.2195 पर्यंत नेला, आणि ह्याहून मोठा आकार असूच शकत नाही अशी शंभराहून अधिक पानांची सिद्धता जिनॉन बेक ह्यांनी 2024 च्या अखेरीस विद्वानांपुढे ठेवली. अर्थात कोणताही कारखानदार टेलिफोनच्या आकाराचा बॉयलर ओतीत नाही. आणि हमालाला जे वळण पार करावयाचे असते ते पायऱ्यांवरचे, उताराचे असते. तरीही सपाट कागदावरील एका वळणाला अठ्ठावन्न वर्षे लागली, हे लक्षात घेतले म्हणजे तळघराच्या जिन्यापाशी डोके खाजवीत उभ्या असलेल्या माणसाकडे थोड्या आदराने पाहावेसे वाटते.

मोजमाप करून यंत्र मावत नाही असे ठरले, म्हणजे दोनच वाटा उरतात: घराने वाट द्यावी किंवा यंत्राने आकार सोडावा. घराने वाट द्यावयाची तर पदपथातील दुहेरी लोखंडी झडपेची चौकट वाढवावी लागते किंवा पायाच्या भिंतीला खिंडार पाडावे लागते. भिंत कोणते वजन तोलून धरते हे स्थापत्य-अभियंत्याने पाहिल्याखेरीज तिला हात लावणे म्हणजे बॉयलरसाठी घर गमावण्याची तयारी ठेवणे होय. पोलादी बॉयलरचे सुटे भाग खाली नेऊन ते तेथेच जोडकाम करून सांधण्याचीही पद्धत आहे. परंतु त्या जोडकामाची तपासणी कारखान्यातील कामाइतकीच काटेकोर व्हावी लागते.

यंत्राने आकार सोडण्याची युक्ती अधिक शहाणपणाची, आणि ती जुनीही आहे. बिडाचा बॉयलर हा बहुधा एकसंध नसतोच. पावाच्या लादीचे काप एकापुढे एक उभे करावे तसे त्याचे उभे पोकळ खंड असतात. लहान घराच्या बॉयलरचा एक खंड दोन माणसे उचलू शकतात. मोठ्या इमारतीच्या बॉयलरचा एकेक खंड शेकडो किलोग्रॅम भरतो, पण तोही जाडीने कमी असल्यामुळे दारातून आडवा होऊन जातो. अलीकडे आणखी एक मार्ग निघाला आहे. एका मोठ्या बॉयलरऐवजी भिंतीवर टांगण्याजोगे अनेक लहान बॉयलर एका रांगेत बसवावयाचे. हे नवे बॉयलर धुरातील वाफेचे पाणी करून तिच्यातील उष्णताही वसूल करतात. इंग्लंडमध्ये 2005 पासून घरगुती गॅस बॉयलर बहुशः ह्याच जातीचा असावा असा नियम झाला, आणि युरोपीय संघात सप्टेंबर 2015 पासून कार्यक्षमतेचे जे नियम लागू झाले त्यांचाही परिणाम तसाच झाला. ते वजनाला हलके असतात आणि जिन्याशी त्यांचे भांडण नसते. मात्र ते पाणी तापवितात, वाफ करीत नाहीत. म्हणून ज्या इमारतीचे सारे नळ वाफेसाठी घातलेले आहेत, तेथे त्यांचा सरळ उपयोग होत नाही. न्यूयॉर्कच्या पुष्कळशा जुन्या इमारती ह्याच वर्गात मोडतात आणि तेथे खंडांचा बिडाचा बॉयलरच जिना उतरतो.

पुढे बांधणाऱ्यांना हा धडा कायद्याने शिकवावा लागला. अमेरिकेतील अनेक राज्यांनी आधारभूत मानलेल्या यंत्रविषयक बांधकाम-संहितेत असे कलम आहे की, अशी उपकरणे असलेल्या खोलीला दार आणि बिनअडथळ्याची वाट असावी, व ती निदान 36 इंच रुंद आणि 80 इंच उंच असावी. साध्या दाराएवढे हे माप आहे. परंतु ते कागदावर येण्यापूर्वी बांधलेली हजारो घरे अजून उभी आहेत. विद्युत्शक्तीने बाहेरच्या हवेतील उष्णता आत ओढणारे उष्णता-पंपही आता येऊ लागले आहेत, आणि न्यूयॉर्कने 2019 साली केलेल्या कायद्याने मोठ्या इमारतींच्या धुरावर 2024 पासून मर्यादा घातल्यामुळे त्यांना चालना मिळाली आहे. काही तळघरांतून जुना बॉयलर निघेल आणि त्या जागी नवा येणारच नाही. जुना काढणे मात्र तेथेही चुकत नाही.

जुना काढताना हत्ती गेला आणि शेपूट राहिले असे होत नाही. येथे शेपूटच आधी सांभाळावे लागते. जुन्या बॉयलरवर आणि नळांवर उष्णता राखण्यासाठी पांढरट लेप चढविलेला असतो, आणि त्यात पुष्कळदा अ‍ॅस्बेस्टॉस असते. त्याचे बारीक तंतू श्वासावाटे फुप्फुसांत गेले तर कित्येक वर्षांनी प्राणघातक रोग होतात. म्हणून लेपाचा नमुना तपासून, त्या कामाचे शिक्षण घेतलेल्या माणसांकडून तो प्रथम काढवावा लागतो. हातोडा त्यानंतर. घाईच्या दिवसांत ही पायरी गाळण्याचा मोह होतो, आणि त्याची किंमत मालक देत नाही, हातोडा मारणारा देतो. तीही वीस-तीस वर्षांनी, जेव्हा कोणत्या तळघरातील धूळ होती हे सांगणेही अवघड झालेले असते. लेप निघाला की बाकीचे काम सोपे. बीड कठीण असले तरी ठिसूळ असते. मोठ्या घणाने त्याचे तुकडे होतात आणि ते बादलीतून वर जातात. पोलादी बॉयलर असा फुटत नाही. तो ज्योतीने कापावा लागतो, आणि बंद तळघरात ज्योत पेटवावयाची म्हणजे हवा खेळती ठेवणे आणि आगीवर पहारा ठेवणे ओघानेच आले.

मग नव्याची पाळी. पायऱ्यांवर जाड फळ्या टाकतात, म्हणजे वजन एकाच पायरीच्या कडेवर न येता पसरते. त्याआधी जिना खालून पाहिला जातो. लाकडी जिना माणसे तोलण्यासाठी केलेला असतो, बीड तोलण्यासाठी नव्हे, आणि आवश्यक वाटल्यास त्याला खालून टेकू देतात. खंडाला दोर बांधून तो वरच्या बाजूच्या भक्कम खांबाला किंवा तुळईला वेढा देऊन सोडतात, म्हणजे वेढ्याच्या घर्षणानेच वजन आवरले जाते आणि एक माणूस ते बोटाबोटाने खाली सोडू शकतो. आणखी वजनदार खंडाला साखळीची कप्पी लागते. ह्या साऱ्या वेळात सरकणाऱ्या वजनाच्या खालच्या बाजूला कोणीही उभे राहावयाचे नाही. हा नियम सांगावयास सोपा आणि पाळावयास अवघड. कारण अडकलेल्या वस्तूला खालून थोडा हात द्यावा, अशी ओढ प्रत्येक कष्टाळू माणसाला होते. हात सापडतो तो बहुधा त्याच क्षणी. सपाटीवर आल्यानंतर लोखंडी नळाचे तुकडे खाली घालून आणि पहारीने टेकत खंड चौथऱ्यापर्यंत सरकवितात.

जोडणीचे काम धीराचे आहे. प्रथम मागचा खंड उभा करून तो ओळंब्यात आणतात. दोन खंडांतील पाण्याच्या वाटा जुळविण्यासाठी दोन्ही टोकांना किंचित निमुळते असे लोखंडी कडे भोकात बसवितात, त्यावर पुढचा खंड टेकवितात, आणि आटे पाडलेल्या लांब सळयांनी दोन्ही खंड एकमेकांकडे ओढून घेतात. ही ओढ वर आणि खाली सारखी हवी. थोडे वर, थोडे खाली, असे आळीपाळीने नट आवळीत जावे लागते. एका बाजूने जोर केला तर कडे तिरपे शिरते आणि नवा कोरा खंड तडकतो. खंडांमधील फटी उष्णता सोसणाऱ्या दोरीने किंवा लुकणाने बुजवितात. ती राहिलेली फट पाणी गाळीत नाही, धूर गाळते. आणि त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आवरण चढविण्यापूर्वी बॉयलर थंड पाण्याने भरून, नेहमीच्या दाबाहून अधिक दाब देऊन तो ठेवून देतात. सांधा पाझरत असेल तर तो येथेच कळतो. पत्रा चढविल्यानंतर कळला तर सारे पुन्हा उलगडावे लागते. ह्या चाचणीनंतर आच लागते, पण काम तेथेही संपत नाही. आटे पाडताना वापरलेले तेल नळांतून आणि खंडांतून पाण्यात उतरते आणि पाण्यावर त्याची साय धरते. अशा पाण्याला उकळी आली की ते फेसाळते, आणि वाफेबरोबर पाण्याचे थेंबही नळांत चढतात. मग रेडिएटर ठोकल्यासारखे वाजतात आणि वरच्या मजल्यांपर्यंत वाफ कोरडी पोहोचत नाही. त्यासाठी बॉयलरच्या कुशीत पाण्याच्या पातळीवर एक तोटी ठेवलेली असते. पाणी उकळू न देता गरम ठेवावयाचे, खालून अगदी सावकाश ताजे पाणी सोडावयाचे आणि वरची तेलकट साय त्या तोटीतून बादलीत वाहू द्यावयाची. धार करंगळीएवढीही नको. ह्याला काही तास लागतात, आणि तेवढा वेळ एका माणसाला बादल्या बदलीत तळघरात बसून राहावे लागते.